१९९२ चा रोखे घोटाळा : जानकीरामन समिती आणि संयुक्त संसदीय समितीची चौकशी

एप्रिल १९९२ मध्ये उघडकीस आलेला रोखे घोटाळा हा आर्थिक उदारीकरणाच्या पहिल्याच वर्षात भारतीय बँकिंग व्यवस्थेला बसलेला मोठा हादरा होता. शेअर बाजारातील तेजीसाठी वापरला गेलेला पैसा प्रत्यक्षात बँकांचा, म्हणजे पर्यायाने ठेवीदारांचा होता, ही बाब त्यातून पुढे आली. हा पैसा बँकांबाहेर कसा गेला, याचा शोध घेण्यासाठी दोन प्रमुख चौकश्या झाल्या. पहिली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या आर. जानकीरामन समितीची आणि दुसरी रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीची. पहिल्या चौकशीने व्यवहारांची तांत्रिक बाजू उलगडली, तर दुसरीने उत्तरदायित्वाचा प्रश्न हाती घेतला. देशातील आजच्या रोखे बाजाराच्या रचनेत या दोन्ही चौकश्यांचे परिणाम दिसतात. त्यांच्या शिफारशींपैकी काय अमलात आले आणि काय राहून गेले, याचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

त्या काळात बँकांच्या निधीवर कडक बंधने होती. सप्टेंबर १९९० पासून वैधानिक रोखता प्रमाण ३८.५ टक्क्यांवर गेले होते. ठेवींचा एवढा भाग बँकांना मुख्यतः सरकारी आणि सरकारमान्य रोख्यांत गुंतवावा लागे. त्याखेरीज १५ टक्के रक्कम रोख राखीव निधी म्हणून रिझर्व्ह बँकेकडे ठेवावी लागत असे. निम्म्याहून अधिक ठेवी अशा रीतीने अडकून पडत आणि त्यांवर मिळणारा परतावा मर्यादित असे. जुलै १९९१ नंतर आर्थिक सुधारणांना वेग आला, तसा नफा वाढविण्याचा दबावही बँकांवर आला.

दुसरीकडे, सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रमांनी कर्जरोखे विकून मोठ्या रकमा उभारल्या होत्या. प्रत्यक्ष गरज भासेपर्यंत हा पैसा अधिक परताव्यासाठी बँकांच्या गुंतवणूक व्यवस्थापन योजनांत ठेवला जाई. अशा योजनांत ठराविक परताव्याची हमी देण्यास मनाई होती. तरीही अनेक बँकांनी ती दिली. दिलेला शब्द पाळण्यासाठी बँकांना अधिक उत्पन्नाचे मार्ग हवे होते आणि शेअर बाजारातील दलालांना भांडवल हवे होते. सरकारी रोख्यांच्या बाजारात या दोन्ही गरजा एकत्र आल्या.

शेअर बाजारात याच सुमारास अभूतपूर्व तेजी होती. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक मार्च १९९१ मध्ये सुमारे १,२०० अंकांवर होता. २२ एप्रिल १९९२ रोजी तो ४,४६७ अंकांवर पोहोचला. या तेजीचा चेहरा म्हणून दलाल हर्षद मेहता यांचे नाव देशभर पोहोचले होते.

२३ एप्रिल १९९२ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये पत्रकार सुचेता दलाल यांचे वृत्त प्रसिद्ध झाले. स्टेट बँकेने एका बड्या दलालाला सुमारे ५०० कोटी रुपयांचा हिशेब पूर्ण करण्यास सांगितल्याचे त्यात म्हटले होते. बाजारात खळबळ उडाली. २८ एप्रिल रोजी निर्देशांक एका दिवसात ५७० अंकांनी कोसळला. ही घसरण जवळपास १३ टक्के होती. त्यानंतरच्या वर्षभरात निर्देशांक निम्म्याहून खाली आला.

व्यवहाराची पद्धत

चौकशीचे निष्कर्ष समजण्यासाठी ‘रेडी फॉरवर्ड’ व्यवहार आणि बँक पावती या दोन गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

‘रेडी फॉरवर्ड’ व्यवहारात एक बँक दुसऱ्या बँकेला रोखे विकते आणि ठराविक दिवसांनी ठरलेल्या किमतीला ते परत घेण्याचे मान्य करते. विक्रीची व फेरखरेदीची किंमत यांतील फरक म्हणजे व्याज. उदाहरणादाखल, एका बँकेने १०० कोटी रुपयांचे रोखे आज विकले आणि १५ दिवसांनी थोड्या अधिक किमतीला परत घेण्याचे कबूल केले, तर नावाला ही खरेदी-विक्री असली, तरी प्रत्यक्षात ते रोख्यांच्या तारणावर घेतलेले १५ दिवसांचे कर्ज असते. तारण खरे असेपर्यंत या व्यवहारात फारशी जोखीम नसते.

येथे बँक पावतीचा प्रश्न येतो. सरकारी रोख्यांच्या मालकीची नोंद रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयातील खातेवहीत, म्हणजे ‘एसजीएल’ खात्यात होत असे. हे काम हाताने चाले आणि त्याला वेळ लागे. सार्वजनिक उपक्रमांच्या कर्जरोख्यांची प्रमाणपत्रेही अनेकदा उशिरा हाती येत. त्यामुळे रोखे विकणारी बँक खरेदीदार बँकेला रोख्यांऐवजी एक पावती देई. ‘रक्कम मिळाली, रोखे आपल्या वतीने आमच्याकडे आहेत, उपलब्ध होताच सुपूर्द करू’ असा तिचा आशय असे. हीच ‘बँक रिसीट’ किंवा ‘बीआर’. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेली ही पावती पुढे बाजारात रोख्यांची जागा घेऊ लागली.

पावतीमागे खरोखर रोखे आहेत की नाहीत, याची पडताळणी होत नसे. रोखे नसतानाही एखाद्या बँकेने पावती दिली, तर ती देऊन दुसऱ्या बँकेकडून पैसा मिळविता येई. खरेदीदार बँकेच्या दृष्टीने तारण हाती आलेले असे. प्रत्यक्षात तिच्या हाती केवळ कागद असे.

या दोन बँकांच्या मध्ये दलाल होता. दलालाचे काम खरेदीदार व विक्रेता यांची गाठ घालून देण्यापुरते अपेक्षित होते. पैसा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत थेट जावा, हा त्यामागील संकेत होता. परंतु काही बँकांनी दुसऱ्या बँकेच्या नावाने काढलेले धनादेश दलालाच्या वैयक्तिक खात्यात जमा करण्याची मुभा दिली. धनादेशावर बँकेचे नाव आणि रक्कम मात्र दलालाच्या खात्यात, अशी ही सोय होती. तिला नियमांचा आधार नव्हता. प्रचलित रिवाज म्हणून ती चालत आली होती. दलालाच्या हाती आलेला पैसा शेअर खरेदीकडे वळला. शेअरचे भाव वाढत राहिले, तोपर्यंत एका व्यवहाराची परतफेड दुसऱ्या व्यवहारातून होत गेली. भाव घसरताच ही साखळी तुटली.

जानकीरामन समिती

३० एप्रिल १९९२ रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर एस. वेंकिटरमणन यांनी डेप्युटी गव्हर्नर आर. जानकीरामन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वाणिज्य बँका आणि वित्तीय संस्था यांच्या निधी व्यवस्थापनातील संभाव्य अनियमिततांची चौकशी करणे हे तिचे काम होते. सरकारी रोखे, सार्वजनिक उपक्रमांचे कर्जरोखे आणि युनिट ट्रस्टची युनिट्स यांतील व्यवहारांवर तिने विशेष लक्ष द्यावे, असे ठरविण्यात आले.

समितीचा पहिला अहवाल महिन्याभरात, ३१ मे १९९२ रोजी तयार झाला. पुढील वर्षभरात आणखी अहवाल आले. पहिल्या अहवालात संशयास्पद गुंतवणुकीचा आकडा सुमारे ३,०७८ कोटी रुपये होता. अंतिम हिशेबात तो सुमारे ४,०२४ कोटी रुपयांवर गेला. हा आकडा नेमका कशाचा, याबाबत अनेकदा गैरसमज होतो. बँकांनी पैसे दिले, पण त्या बदल्यात रोखे मिळाले नाहीत किंवा हाती असलेली पावती निरुपयोगी ठरली, अशा व्यवहारांची ती बेरीज होती. त्यातील किती रक्कम वसूल होईल आणि अंतिम तोटा किती, हा निराळा प्रश्न होता.

समितीचे प्रमुख निष्कर्ष असे होते :

पहिला, पुरेशा रोख्यांचा आधार नसताना बँक पावत्या देण्यात आल्या. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन छोट्या बँकांच्या पावत्यांची रक्कम त्यांच्या कुवतीच्या कितीतरी पलीकडची होती. त्या पावत्यांवर विसंबून मोठ्या बँकांनी पैसा दिला होता. सर्वाधिक फटका बसलेल्यांत स्टँडर्ड चार्टर्ड ही विदेशी बँक होती.

दुसरा, बँकांच्या नावाने निघालेले धनादेश दलालांच्या खात्यांत जमा झाले. यात नॅशनल हाउसिंग बँकेच्या धनादेशांचाही समावेश होता. ही संस्था रिझर्व्ह बँकेच्याच मालकीची होती. नियामकाच्या घरातील संस्थेचा पैसाही दलालापर्यंत पोहोचल्यामुळे देखरेखीच्या प्रश्नाला वेगळे गांभीर्य आले.

तिसरा, बँकांमधील अंतर्गत नियंत्रण कोलमडले होते. व्यवहार ठरविणे, रोखे ताब्यात ठेवणे आणि हिशेबात नोंद करणे ही तीन कामे वेगवेगळ्या व्यक्तींकडे असावीत, हा बँकिंगमधील प्राथमिक नियम आहे. अनेक ठिकाणी तो पाळला गेला नव्हता. बँकेच्या वहीतील रोखे आणि लोकऋण कार्यालयातील शिल्लक यांचा मेळ वेळेवर घातला जात नव्हता.

चौथा, रोख्यांच्या व्यवहारांची मोठी उलाढाल मोजक्या दलालांमार्फत होत होती आणि त्यांच्यावर कोणतीही मर्यादा नव्हती.

पाचवा, नियम नव्हते असे नाही. बँक पावत्या आणि गुंतवणूक व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने जुलै १९९१ मध्येच सविस्तर सूचना दिल्या होत्या. त्यांचे पालन होते की नाही, हे पाहण्याची यंत्रणा मात्र तोकडी पडली.

कराड आणि ठेवीदार

महाराष्ट्रात या प्रकरणाची झळ थेट पोहोचली. सातारा जिल्ह्यातील कराडचे नाव लावणाऱ्या बँकेने मुंबईच्या बाजारात दिलेल्या पावत्या तिच्या मुळावर आल्या. मे १९९२ मध्ये बँक ऑफ कराड अवसायनात निघाली. पुढे १९९४ मध्ये तिचा व्यवसाय बँक ऑफ इंडियाकडे गेला. ज्या ठेवीदारांचा दलाल स्ट्रीटशी दुरान्वयानेही संबंध नव्हता, त्यांच्या बँकेचे अस्तित्वच शेअर बाजारातील तेजीशी बांधले गेले होते.

विशेष न्यायालय

जून १९९२ मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून रोखे व्यवहारांतील गुन्ह्यांसाठी विशेष न्यायालय स्थापन केले. पुढे त्याचे कायद्यात रूपांतर झाले. १ एप्रिल १९९१ नंतर आणि ६ जून १९९२ पर्यंत झालेले व्यवहार या कायद्याच्या कक्षेत आले. कायद्याने अभिरक्षक हे पद निर्माण केले. अभिरक्षकाने एखाद्या व्यक्तीचे नाव अधिसूचित करताच तिची मालमत्ता आपोआप जप्त होत असे. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडे सुनावणी आणि अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, अशी रचना ठेवण्यात आली.

जलद निकाल हा त्यामागील हेतू होता. तो पूर्णपणे साध्य झाला नाही. केंद्रीय अन्वेषण विभागाने हर्षद मेहता यांना जून १९९२ मध्ये अटक केली. मारुती उद्योगाच्या निधीशी संबंधित प्रकरणात त्यांना १९९९ मध्ये शिक्षा झाली. ३१ डिसेंबर २००१ रोजी ठाण्यात कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला, त्या वेळी त्यांच्यावरील अनेक खटले प्रलंबित होते. मालमत्तेची विक्री आणि बँका व प्राप्तिकर विभाग यांच्यातील वाटप यांची प्रकरणे त्यानंतरही दीर्घकाळ चालली.

जप्तीचा एक अनपेक्षित परिणाम सामान्य गुंतवणूकदारांना भोगावा लागला. अधिसूचित व्यक्तींच्या हातून गेलेले शेअर बाजारात फिरत होते. ते प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्यांनाही आपल्या नावावर करून घेता येईनात. ‘कलंकित शेअर’ या नावाने ओळखला गेलेला हा प्रश्न सोडविण्यासाठी अभिरक्षक आणि न्यायालय यांच्याकडे खेटे घालावे लागले.

संयुक्त संसदीय समिती

रिझर्व्ह बँकेने नेमलेली समिती रिझर्व्ह बँकेच्याच कारभाराची चौकशी कितपत निःपक्षपणे करू शकेल, असा प्रश्न विरोधी पक्षांनी उपस्थित केला. अर्थ मंत्रालयाची भूमिकाही तपासली जावी, अशी मागणी झाली. ऑगस्ट १९९२ मध्ये लोकसभा व राज्यसभा यांच्या ३० सदस्यांची संयुक्त संसदीय समिती स्थापन झाली. बोफोर्स प्रकरणानंतरची ही दुसरी संयुक्त संसदीय समिती होती. काँग्रेसचे ज्येष्ठ सदस्य रामनिवास मिर्धा यांच्याकडे अध्यक्षपद सोपविण्यात आले.

समितीचे काम सुरू असतानाच, जून १९९३ मध्ये हर्षद मेहता यांनी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांना एक कोटी रुपये दिल्याचा आरोप पत्रकार परिषदेत केला. राव यांनी तो फेटाळला. या आरोपामुळे चौकशीभोवतीचे राजकीय वातावरण अधिक तापले.

डिसेंबर १९९३ मध्ये समितीचा अहवाल संसदेत आला. घोटाळ्याचे वर्णन केवळ ‘व्यवस्थेचे अपयश’ असे करून भागणार नाही, हा त्याचा गाभा होता. निवडक दलालांना सट्टेबाजीतून लाभ मिळावा, यासाठी बँका व सार्वजनिक उपक्रमांचा निधी रोखे व्यवहारांच्या आडून हेतुपुरस्सर आणि गुन्हेगारी रीतीने वळविण्यात आला, असा निष्कर्ष समितीने काढला. काही विदेशी बँकांच्या भूमिकेवर तिने कठोर ताशेरे ओढले. रिझर्व्ह बँकेची देखरेख आणि अर्थ मंत्रालयाची दक्षता यांतील उणिवांवरही बोट ठेवले.

अहवालानंतर अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी राजीनामा देऊ केला. पंतप्रधान राव यांनी तो स्वीकारला नाही. समितीच्या शिफारशींवर सरकारने १९९४ मध्ये सादर केलेल्या कृती अहवालावर विरोधकांनी तीव्र आक्षेप घेतला. शिफारशी सौम्य करण्यात आल्या आणि जबाबदार व्यक्तींना अभय मिळाले, असे त्यांचे म्हणणे होते.

व्यवस्था की व्यक्ती, हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. दोष व्यवस्थेचा मानला, तर उपाय म्हणजे नवे नियम आणि नवी यंत्रणा. दोष व्यक्तींचा मानला, तर उपाय म्हणजे खटले, शिक्षा आणि राजकीय उत्तरदायित्व. दोन्ही अहवाल एकत्र वाचले असता हे दोन दोष परस्परपूरक असल्याचे दिसते. कच्च्या व्यवस्थेमुळे गैरव्यवहाराला वाट मिळाली. ती वाट वापरणाऱ्यांना मात्र ती कुठे जाते, याची पूर्ण कल्पना होती.

सुधारणा

तांत्रिक शिफारशींची अंमलबजावणी तुलनेने लवकर झाली. जून १९९२ मध्येच रिझर्व्ह बँकेने ‘रेडी फॉरवर्ड’ व्यवहारांवर कडक निर्बंध घातले आणि बँक पावत्यांचा वापर आवळला. १९९४ मध्ये रिझर्व्ह बँकेत वित्तीय पर्यवेक्षण मंडळ स्थापन झाले. १९९५ मध्ये सरकारी रोख्यांसाठी ‘रोखे द्या, पैसे घ्या’ या तत्त्वावरील पद्धत सुरू झाली. रोखे आणि पैसा एकाच वेळी हस्तांतरित होऊ लागल्याने पावतीची गरज संपली. २००२ मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे कामकाज सुरू झाले आणि दोन बँकांच्या मध्ये एक संस्थात्मक हमीदार उभा राहिला.

शेअर बाजारातही बदल झाले. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाला, म्हणजे ‘सेबी’ला, १९९२ च्या प्रारंभीच वैधानिक दर्जा मिळाला होता; घोटाळ्यानंतर तिचे महत्त्व वाढले. राष्ट्रीय शेअर बाजारात नोव्हेंबर १९९४ मध्ये शेअरचे संगणकीकृत व्यवहार सुरू झाले. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागदी शेअर प्रमाणपत्रांची जागा इलेक्ट्रॉनिक नोंदींना दिली. या सर्व बदलांची संकल्पना घोटाळ्यातून जन्मली असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराची शिफारस १९९१ मध्येच झाली होती. मात्र घोटाळ्यामुळे त्यांची निकड निर्विवाद ठरली.

पुनरावृत्ती

मार्च २००१ मध्ये बाजार पुन्हा कोसळला. या वेळी दलाल केतन पारेख यांचे नाव पुढे आले. अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँकेने पुरेसा निधी नसताना पे ऑर्डर दिल्या होत्या. त्या बँक ऑफ इंडियाने वटविल्या आणि वसुलीसाठी पाठविल्यावर परत आल्या. १९९२ मध्ये रोख्यांविना पावती होती, २००१ मध्ये पैशांविना पे ऑर्डर. दोन्ही वेळा एका छोट्या बँकेच्या कागदावर मोठ्या बँकेने विश्वास ठेवला आणि पैसा शेअर बाजारात गेला. सरकारी रोख्यांच्या बाजारातील पळवाट बंद झाली होती. सहकारी बँकांवरील विभागलेल्या देखरेखीची पळवाट उघडीच राहिली होती.

या प्रकरणासाठी प्रकाश मणी त्रिपाठी यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा संयुक्त संसदीय समिती नेमण्यात आली. डिसेंबर २००२ मधील आपल्या अहवालात तिने १९९२ च्या समितीच्या शिफारशींचा मागोवा घेतला. त्यांतील अनेकांच्या अंमलबजावणीत प्रगती न झाल्याने गैरव्यवहार करणाऱ्यांना प्रोत्साहन मिळाले, असे निरीक्षण तिने नोंदविले.

१९९२ च्या चौकश्यांचे मूल्यमापन करताना हे निरीक्षण निर्णायक ठरते. पैसा कोणत्या वाटेने गेला, हे जानकीरामन समितीने महिन्याभरातच सांगण्यास सुरुवात केली होती, आणि ती वाट बंद करण्याचे काम पुढील दशकात बऱ्याच अंशी झाले. जबाबदारी निश्चित करण्याचा मिर्धा समितीचा आग्रह मात्र न्यायालयीन विलंब आणि राजकीय मतभेद यांत अडकला. चौकशी समिती कारणे शोधू शकते आणि उपाय सुचवू शकते. ते उपाय पुढच्या संकटापूर्वी अमलात येतात की नाही, हे अहवाल स्वीकारणाऱ्या सरकारवर, नियामकांवर आणि त्यांना जाब विचारणाऱ्या संसदेवर अवलंबून असते.